कटिशूलाचा पहिला पंधरवडा

कोणी म्हणतो उसण भरली, कोणी म्हणतो कंबर धरली, कोणी पाठीत चमक निघाल्याचे सांगतो. शब्द कोणतेही असोत, कटिशूलाचा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात नित्य येत असतो. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक या व्यथेने ग्रस्त होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा जागतिक व्याधिभाराच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. शय्येवर खिळवणाऱ्या किंवा प्राण घेणाऱ्या व्याधींची चर्चा अधिक होते. परंतु माणसाचे काम थांबवणाऱ्या व्याधींत कटिशूलाचा क्रमांक पहिला लागतो, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

या संदर्भात गेली काही वर्षे एक विधान वारंवार कानी पडते. ‘कंबरदुखीच्या रुग्णाला आरंभीच भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, मिळाली तर पुढील तपासण्या, इंजेक्शने, शस्त्रक्रिया आणि खर्च हे सारे घटते.’ भौतिकोपचारतज्ज्ञ हे विधान करतात ते स्वाभाविक आहे. परंतु आपल्या परिषदांतही आता काही वैद्यबंधू त्याचाच आधार घेऊन, ‘आरंभीच पंचकर्म केले तर पुढचा खर्च वाचतो’, असे मांडू लागले आहेत. आमच्या मते मूळ विधान अर्धे खरे आहे. त्याचा जो अर्धा भाग खरा आहे तो आपल्याला अतिशय उपयोगाचा आहे, आणि जो खरा नाही तो उसना घेणे आपल्याला शोभणारे नाही. हे दोन भाग वेगळे करून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील आकडे

हा विषय पुढे आला तो अमेरिकेत, आणि त्याला कारणही तसेच होते. तेथे रुग्णाच्या खर्चाचा मोठा वाटा विमा कंपन्या आणि नोकरी देणाऱ्या संस्था उचलतात. त्यामुळे कोणत्या रुग्णाने किती वेळा कोठे दाखवले, कोणती तपासणी केली, किती पैसे लागले याची नोंद एका जागी सापडते. चालू शतकाच्या पहिल्या दशकात सिअॅटल येथील व्हर्जिनिया मेसन या वैद्यकीय केंद्राकडे मोठ्या कंपन्यांनी तक्रार केली की, त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या साध्या कंबरदुखीवर फार खर्च होतो. केंद्राने आपली पद्धत तपासून पाहिली. रुग्णाला आधी तज्ज्ञाच्या भेटीसाठी थांबावे लागे, मग एमआरआय होई, आणि ज्या भौतिकोपचाराने त्याला खरोखर उतार पडे तो सर्वांत शेवटी मिळे. केंद्राने हा क्रम उलटा केला. अशा रुग्णाला शक्यतो त्याच दिवशी भौतिकोपचारतज्ज्ञ भेटू लागला आणि एमआरआयचे प्रमाण घटले.

पुढे २०१२ साली ज्युली फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२,०७० रुग्णांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या. कंबरदुखीसाठी प्रथमच दाखवलेल्या या रुग्णांपैकी केवळ ७ टक्के भौतिकोपचारतज्ज्ञाकडे गेले होते. त्यांचे दोन गट करण्यात आले. पहिल्या १४ दिवसांत उपचार सुरू झालेले ते ‘लवकर’, आणि १५ ते ९० दिवसांत सुरू झालेले ते ‘उशिरा’. लवकर गेलेल्यांत एमआरआयसारख्या तपासण्या, डॉक्टरांच्या पुढील भेटी, इंजेक्शने, शस्त्रक्रिया आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा वापर कमी आढळला. कंबरदुखीवरील एकूण खर्चात माणशी सुमारे २,७३६ डॉलरांचा फरक पडला. वर सांगितलेल्या विधानाचा मुख्य आधार अशा प्रकारचे अभ्यास हाच आहे.

पायाळूचे गणित

आता या आकड्यांकडे थोड्या सावधपणे पाहू. आपल्या खेड्यापाड्यांत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत अजूनही आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याचा पाय लागला की दोन-चार दिवसांत उसण उतरते, अशी श्रद्धा आहे. आणि गंमत अशी की ती बहुधा उतरतेही! कारण ताज्या कटिशूलाचा स्वभावच काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत निवण्याचा आहे. पायाळूकडे रुग्ण पहिल्याच दिवशी जातो, म्हणून त्याच्या पदरी यश पडते. ज्यांची कंबर दोन महिने दुखत राहिली असे हट्टी रुग्ण आपल्याकडे येतात, म्हणून आपल्या पदरी यश कमी पडते. एवढ्यावरून पायाळूचा पाय आपल्या चिकित्सेपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही.

२०१२ च्या अभ्यासातील तुलना काहीशी याच जातीची आहे. महिना-दोन महिन्यांनी भौतिकोपचाराकडे गेलेला रुग्ण हा मुळातच बरा न झालेला रुग्ण असतो. त्याच्या तपासण्या अधिक व्हाव्यात, त्याला इंजेक्शने अधिक लागावीत, यात नवल नाही. उलट पहिल्या आठवड्यात गेलेल्यांपैकी कित्येक जण काहीही न करता बरे झाले असते. अशा वेळी फरक उपचाराच्या वेळेमुळे पडला की व्याधीच्या बलामुळे पडला, हे केवळ नोंदी चाळून ठरवता येत नाही.

ते ठरवायचे तर रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने करून दोन्ही गट पाहावे लागतात. त्याच फ्रिट्झ यांनी हे काम केले आणि २०१५ साली प्रामाणिकपणे प्रसिद्धही केले, हे त्यांना भूषणावह आहे. ताज्या कंबरदुखीचे २२० रुग्ण घेतले. सर्वांना व्याधीची नीट माहिती आणि धीर देण्यात आला. निम्म्यांना त्याखेरीज चार आठवड्यांत भौतिकोपचाराच्या चार बैठकी मिळाल्या. तीन महिन्यांनी त्यांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा किंचित सुधारलेली आढळली. परंतु हा फरक १०० गुणांच्या मापनात सुमारे ३ गुणांचा होता, आणि रुग्णाला जाणवेल असा फरक किमान ६ गुणांचा मानला गेला होता. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच झाले. तपासण्या, भेटी, इंजेक्शने यांतही लक्षणीय फरक दिसला नाही. ज्या बचतीचा एवढा गाजावाजा झाला ती या परीक्षेत दिसलीच नाही.

गृध्रसीच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. कंबरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेच्या २२० रुग्णांवर त्याच धर्तीचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात लवकर भौतिकोपचार मिळालेल्यांची हालचाल वर्षभरानंतरही अधिक सुधारलेली होती. मात्र वैद्यकीय सेवांच्या वापरात तेथेही लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे रुग्णाला लाभ झाला, खर्च वाचला असे म्हणता येत नाही. लाभ आणि बचत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

मग टळते ते काय?

यावरून लवकर उपचार निरर्थक आहेत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही घाईचा ठरेल. २०१५ च्या अभ्यासात दुसऱ्या गटालाही धीर आणि योग्य माहिती मिळाली होती, ही गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. ‘घाबरू नका, हे बहुधा बरे होते, झेपेल तेवढे हिंडत-फिरत राहा’, असे ज्याला पहिल्याच भेटीत नीट समजावले जाते, त्याला वरच्या बैठकींनी थोडीच भर पडते. परंतु प्रत्यक्षात किती रुग्णांना हे समजावले जाते? बहुतेकांच्या वाट्याला येते ती सक्तीची विश्रांती, कमरेचा पट्टा आणि एमआरआयची चिठ्ठी. लवकर भेटलेल्या चांगल्या उपचारकाचे खरे मोल, या तीन गोष्टी तो टाळतो, यात आहे.

विश्रांतीचे पाहू. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांच्या अभ्यासात दोन दिवस अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला मिळालेल्यांची तुलना सात दिवसांचा सल्ला मिळालेल्यांशी केली गेली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि इतर बाबतींत त्यांचे काहीही बिघडले नाही. १९९५ साली हेलसिंकी येथील १८६ नगरपालिका कर्मचाऱ्यांत तीन गट पाहिले गेले. एका गटाला विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम आणि तिसऱ्याला केवळ नेहमीचे व्यवहार झेपतील तसे चालू ठेवण्याचा सल्ला दिला होता. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. तीव्र वेदनेच्या काळात व्यायामाचाही अट्टहास नको, हा त्याचा दुसरा बोध.

एमआरआयचेही तसेच. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतील निरोगी माणसांत ३० टक्के आणि ऐंशीतील माणसांत ८४ टक्के व्यक्तींच्या मणक्यांमधील गादीला फुगवटा आढळला. गादीची झीज तर विशीतही ३७ टक्के लोकांत होती. केस पिकावेत तसे हे बदल आहेत. पण रुग्ण अहवाल हाती घेतो आणि ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली’ हे शब्द आयुष्यभरासाठी मनात साठवतो. त्या दिवसापासून तो वाकत नाही, घागर उचलत नाही, नातवाला कडेवर घेत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील एक रुग्ण आम्हांला आजही अस्वस्थ करतो. यंत्रमागावर काम करणारा तिशीतला तरुण होता. माग दुरुस्त करताना वाकला आणि कंबर धरली. ताप नाही, पायात बधिरता नाही, मलमूत्रप्रवृत्ती प्राकृत. आम्ही अभ्यंग आणि स्वेदन सुरू केले आणि मोठ्या अधिकारवाणीने सांगितले, ‘तीन आठवडे अंथरुणातून हलायचे नाही.’ दहा दिवसांत वेदना निम्म्यावर आली होती. पण आम्ही आज्ञा सैल केली नाही. घरच्यांना वाटले, एवढी विश्रांती सांगितली आहे त्या अर्थी आजार मोठा असणार. त्यांनी शहरात नेऊन एमआरआय केला. गादीचा फुगवटा निघाला. मग एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे, पट्टा, वजने, दोन इंजेक्शने. शस्त्रक्रिया झाली नाही, पण मागावरचे काम कायमचे सुटले. वर्षभराने तो भेटला तेव्हा आम्ही विचारले, काम का सोडलेस? तो म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, हलायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. हलायला लागा, असं नंतर कोणी सांगितलंच नाही.’

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या तरुणावर झालेल्या खर्चाची पहिली पावती आम्हीच फाडली होती.

शास्त्रदृष्टी

हे सारे आपल्या शास्त्राला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात संचयापासून भेदापर्यंत सहा क्रियाकाल सांगितले. दोषाला जितक्या लवकर गाठावे तितकी चिकित्सा सुकर, हे त्यातील तत्त्व. पण लवकर गाठणे म्हणजे लवकर पुष्कळ करणे नव्हे. अल्प दोषाला अल्प उपक्रम, हेही त्याच तत्त्वाचे अंग आहे.

चरकाने चिकित्सास्थानाच्या २८ व्या अध्यायात वातप्रकोपाची जी कारणे दिली, त्यांत अतिव्यायाम आहे तसे दिवास्वापही आहे, दुःखशय्या आहे आणि भयदेखील आहे. ही यादी आपण परीक्षेसाठी पाठ केली. परंतु तीन आठवडे रुग्णाला दिवसाही अंथरुणात ठेवताना आणि अहवालातील शब्दांनी त्याला भयभीत करताना, आपण हेतुसेवनच करवीत आहोत, हे आपल्या ध्यानात येत नाही. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा म्हणायची आणि भय वाढवायचे, ही विसंगती आहे.

त्याच अध्यायात धातुक्षयजन्य आणि मार्गावरणजन्य असे वातप्रकोपाचे दोन मार्ग सांगितले आहेत. वृद्धेचा क्षयजन्य कटिशूल आणि बैठे काम करणाऱ्या स्थूल माणसाचा आवरणजन्य कटिशूल यांना एकच तेल आणि एकच बस्ती लावणे हे शास्त्र नव्हे. साम अवस्थेत स्नेहन टाळून रूक्ष स्वेद द्यावा, निराम अवस्थेत स्नेहन करावे, हा विवेकही पहिल्या पंधरवड्यातच करावा लागतो. व्यायामाची अर्धशक्ती ही मर्यादा वाग्भटाने स्वस्थासाठी सांगितली. रुग्णाने त्याहून कमी मात्रेपासून आरंभ करून क्रमाने वाढवावे, एवढे तारतम्य आपल्याला सहज कळण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकन वैद्य महाविद्यालयाने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ताज्या कंबरदुखीसाठी औषधाआधी शेक आणि मर्दन यांसारखे उपाय सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी रुग्णशिक्षण, व्यायाम व मर्दन यांचा पुरस्कार केला आणि पट्टे, ताण देणारी वजने व अल्ट्रासाउंडचा शेक यांचा नित्य वापर टाळावा असे सांगितले. बोस्टन येथे ३२० रुग्णांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीत योगाभ्यास भौतिकोपचारापेक्षा उणा ठरला नाही. हे वाचून आपल्याला आनंद होणे योग्यच आहे. परंतु यातील मर्दन म्हणजे आपला अभ्यंग नव्हे आणि शेक म्हणजे आपली कटिबस्ती नव्हे. त्यांचे पुरावे आपल्या नावावर जमा करता येणार नाहीत. आपले पुरावे आपल्यालाच उभे करावे लागतील.

आपल्याकडील हिशेब

खर्चाच्या बाबतीत तर परदेशी आकडे आपल्याला थेट लागूच पडत नाहीत. आपल्याकडे बाह्यरुग्ण चिकित्सेचा खर्च बहुतांशी रुग्णाच्या खिशातून जातो. विमा असला तरी तो सामान्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडतो. ऊसतोडणी कामगाराला किंवा भातलावणी करणाऱ्या स्त्रीला दहा बैठकींसाठी तालुक्याला बोलावणे म्हणजे दहा दिवसांची मजुरी आणि दहा वेळचे एसटीचे भाडे. ज्या उपचाराने अमेरिकेत विमा कंपनीचे पैसे वाचतात असे म्हटले जाते, तोच येथे एखाद्या घराला कर्जात लोटू शकतो. हे भौतिकोपचाराला लागू आहे आणि आपल्या २१ दिवसांच्या ‘पॅकेज’लाही तितकेच लागू आहे. पाच दिवसांत निवणाऱ्या उसणीला २१ दिवसांचे पंचकर्म सुचवणारा वैद्य आणि पहिल्याच दिवशी एमआरआय लिहिणारा डॉक्टर, यांत रुग्णाच्या खिशाच्या दृष्टीने फरक कोणता?

आमची सूचना

म्हणून पहिल्या पंधरवड्यासाठी काही गोष्टी आपण सर्वांनी नियमाने कराव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

प्रथम, धोक्याची लक्षणे शोधावीत. मूत्रावरोध किंवा मलमूत्रावरील ताबा जाणे, गुदाभोवती बधिरता, पायातील बळ झपाट्याने कमी होणे, मोठा आघात, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, रात्री वाढणारी वेदना, ज्वर आणि वजन घटणे. आपल्या देशात मणक्याचा क्षय आजही दिसतो, म्हणून शेवटची दोन लक्षणे कधीही दुर्लक्षू नयेत. अशा रुग्णाला तेल लावीत बसणे हा अपराध आहे. त्याला त्वरित पुढे पाठवावे. एमआरआय खरोखर लागतो तो येथे.

दुसरे, ज्याला यांपैकी काही नाही त्याला आश्वासन द्यावे, झेपेल तेवढे चालते-फिरते ठेवावे आणि विश्रांती सांगायचीच तर ती एक-दोन दिवसांची सांगावी. अवस्थेनुसार स्नेहन-स्वेदन जरूर करावे. वेदना शमली की माणूस हालचालीला धजावतो, म्हणून त्याच दिवशी त्याला चालवावे. ‘हलू नका’ असे सांगितले असेल, तर ‘आता हला’ हे सांगण्याची जबाबदारीही आपलीच.

तिसरे, दोन आठवड्यांत उतार नसेल, किंवा वेदना पायात उतरत असेल, तर जवळच्या भौतिकोपचारतज्ज्ञाला सोबत घ्यावे. तो आपला प्रतिस्पर्धी नव्हे. शक्य तेथे दोन-तीन बैठकींत व्यायाम शिकवून ते घरी करता येतील अशी विनंती त्याला करावी, म्हणजे रुग्णाची मजुरी बुडणार नाही.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद. संघटनेने एक पानाचा समान नमुना तयार करावा. रुग्ण कोणत्या दिवशी आला, अवस्था कोणती, काय केले, कामावर केव्हा परतला, आणि वर्षभरात एमआरआय, इंजेक्शन, शस्त्रक्रिया यांपैकी काय झाले, एवढेच त्यात असावे. जो परत आला नाही त्याला दूरध्वनी करून विचारावे. कारण न आलेल्या रुग्णाला आपण बरा झालेला धरतो आणि त्याच वेळी तो कदाचित दुसऱ्या कोणाच्या दारात बसलेला असतो. अशा नोंदींनी कार्यकारणभाव सिद्ध होणार नाही, पायाळूचे गणित तेथेही आडवे येईल. पण आपण रुग्णाला कोठे पाठवतो हे तरी कळेल, आणि पुढे नीट विभागणी करून अभ्यास करायचा तर त्याचा पाया तयार होईल.

कटिशूलाचा रुग्ण पहिल्या दिवशी ज्याच्या दारात येतो, त्याच्या शब्दाला फार वजन असते. महाराष्ट्रातील खेड्यांत आणि तालुक्यांच्या गावी ते दार पुष्कळदा आपले असते. त्या दारातून रुग्ण भय घेऊन बाहेर पडतो की बळ घेऊन, यावर त्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते. यंत्रमागावरच्या त्या तरुणाचे वर्ष आम्ही परत आणू शकत नाही. निदान पुढच्या रुग्णाला दहाव्या दिवशी बोलावून ‘आता कामाला लाग’ असे सांगण्याचे आम्ही तेव्हापासून चुकवलेले नाही. वैद्यबंधू-भगिनींनी या सूचनांवर आपली मते अवश्य कळवावीत.